उजवीकडची बट्टी

...आणि वर मलाच विचारते, 'काय खाल्लं होतं ताई?' अगं, काय खाल्लं म्हणजे? तुझ्या मशिनने माझी कंबर तोंडात धरली, तासभर चघळली, मग खाल्लं कोणी, मी की त्याने?

नाही, तुम्ही हसा. हसण्यासारखंच आहे. मीही हसते, फक्त फार हसले की उजवीकडे ओढ लागते. कारण माझ्या कमरेच्या उजव्या बाजूला सध्या एक बट्टी आहे. वरणबट्टीतली बट्टी. कापून तळायच्या आधीची, अख्खी, घट्ट, लांबट. डावीकडे काही नाही. डावीकडे मी एकदम कॉलेजातली. म्हणजे कसं, डावीकडून बघितलं तर सारिका, उजवीकडून बघितलं तर सारिका आणि तिचा डबा.

तुम्हाला सांगते, सगळं सुरू झालं एका हळदीपासून. माझा भाचा बादल, त्याची हळद. आता हळदीत आमच्याकडे बँड लागला की कोणी बसून राहतं का? मीही नाचले. मोकळी नाचले. आणि त्या व्हिडिओवाल्याने काय करावं? नवरदेव सोडला, नवरदेवाची आई सोडली, आणि धरलं काय, तर माझं ब्लाउज संपतं आणि साडी सुरू होते ना, तेवढी पट्टी. ती पट्टी माझ्यापेक्षा चांगली नाचत होती. मी थांबले तरी ती थांबेना. तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. माझी धाकटी जाऊ हेमलता, भुसावळला रेल्वे कॉलनीत असते, तिने खाली लिहिलं, 'ताई एकदम जोरात.' आणि आमच्या यांनी काय टाकावं? अंगठा. बायकोच्या वळीला अंगठा.

मग मी काही कमी केलं का? मेहरूण तलावाला सकाळी चकरा मारल्या. तिथे चार मैत्रिणी भेटल्या, त्यांच्याबरोबर येताना पोहे. लिंबूपाणी झालं, मेथीचं पाणी झालं, ते कसलंसं हिरवं पाणी झालं. वजन उतरलं, नाही असं नाही. गालांचं उतरलं. कंबर होती तिथे. आणि घरात एकच वाक्य, बारा महिने. आमचे हे ताटावरून मान वर न करता, 'काय खाऊन राहिली तू?' सासूबाई तिकडून, 'जे खास ते दिसस वं माय.' म्हणजे माणूस जे खातं ते दिसतं. अहो, मग यांचं का दिसत नाही? हे माझ्या दुप्पट खातात आणि दिसतात कसे, तर वाळत घातलेल्या शर्टासारखे.

तर अशात मोबाइलवर ती जाहिरात. 'चरबी गोठवा, विना ऑपरेशन, विना वेदना, विना सुट्टी.' आणि खाली, 'एका बाजूवर दुसरी बाजू फ्री.' मी म्हटलं, हे बरं आहे, मला बाजू दोनच आहेत.

आता हे क्लिनिक धुळ्याला. जळगावात करायची सोय नव्हती असं नाही, पण पिंप्राळ्यातली बाई जळगावात कुठल्या जिन्यावर चढली, हे ती खाली उतरायच्या आत पिंप्राळ्यात कळतं. म्हणून धुळे. घरी सांगितलं, धुळ्याच्या मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. मावशीचे डोळे ठणठणीत. एसटीत बसले, एरंडोल आलं तेव्हा पद्मालयाच्या गणपतीला खिडकीतूनच हात जोडले, म्हटलं, बाप्पा, तुला पोटाचं काय ते कळतं, सांभाळून घे.

क्लिनिक म्हणजे काय सांगू, एसी असा की मशिनची गरज नाही, नुसतं बसलं तरी चरबी गोठावी. तिथे एक मुलगी, भूमिका नाव, काळा कोट, लांब नखं, आणि प्रत्येक वाक्याला ताई. 'या ताई, बसा ताई, अजिबात घाबरायचं नाही ताई.' मी विचारलं, 'डॉक्टर?' 'मॅडम व्हिडिओ कॉलवर असतात ताई.' 'मग लावा कॉल.' 'आत्ता मॅडम दुसऱ्या कॉलवर आहेत ताई.' झालं, डॉक्टर तपासून गेले म्हणायचे.

बरं, मला काही विचारावं की नाही? नंतर मला एका खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, ते येईलच पुढे, की आधी विचारायचं असतं, बाई, थंडीत तुमची बोटं पांढरी पडतात का, गार वाऱ्याने अंगावर पित्त उठतं का, हर्निया आहे का, आधी कुठे टाके पडलेत का. हिने विचारलं काय, तर 'ताई, रिझल्ट आल्यावर आम्हाला टॅग कराल ना?'

मग आडवं झोपवलं. कमरेला एक ओलं गिळगिळीत फडकं लावलं आणि त्यावर ते मशिनचं तोंड. वाटीसारखं, लांबट वाटी. बटण दाबलं आणि त्याने माझी वळी अशी ओढून आत घेतली की मला वाटलं, आता मागोमाग मीही जाते. वासरू कसं दूध पिताना ढुसण्या देतं, तसं. आणि गार... सुरुवातीला चटका, मग मुंग्या, मग काहीच नाही. कंबर आहे की घरी राहिली, कळेना. तासाभराने काढलं तर काय, माझ्याच अंगातून फ्रीजरमधली लोण्याची ढेप निघाल्यासारखी वळी, त्या वाटीच्या आकाराची, उभी. भूमिका ती दोन्ही हातांनी मळायला लागली, कणीक मळतात तशी. मी ओरडले, 'अगं दुखतंय.' ती म्हणाली, 'नॉर्मल आहे ताई.'

हे वाक्य लक्षात ठेवा. ह्या वाक्यावर माझं वर्ष गेलंय.

मग दुसऱ्या बाजूलाही तेच, आणि परतीच्या बसमध्ये दोन्ही बाजू लाल, टम्म. फोन केला. 'नॉर्मल आहे ताई.' दोन दिवसांनी काळंनिळं पडलं, जसं कोणी बदडलंय. 'नॉर्मल आहे ताई.' कमरेला हात लावला तर दुसऱ्याच कोणाच्या कमरेला लावल्यासारखं, बधिर. 'नॉर्मल आहे ताई.' अचानक वीज गेल्यासारखी कळ यायची, भाकरी थापताना हात परातीतच राहायचा. 'एकदम नॉर्मल ताई, म्हणजे चरबी मरतेय.' मी म्हटलं, चरबी मरताना इतकी ओरडते? मला वाटलं होतं, शांतपणे जाईल बिचारी.

आणि एक दिवस सासूबाईंनी बघितलं. साडी बदलत होते, दार लोटलेलं, त्या आल्या आणि उजवीकडचा काळानिळा डाग बघून उभ्याच राहिल्या. 'काय व्हयनं वं हाई?' म्हणजे हे काय झालं गं? आता मी काय सांगणार, तुमची सून धुळ्याला जाऊन बर्फात बसून आली? मी म्हटलं, 'स्कूटीचं हँडल लागलं.' माझ्या तोंडून तेवढंच निघालं आणि तिथेच घात झाला. कारण आमच्या ताईबाई, म्हणजे सासूबाई, मुका मार म्हटलं की त्यांच्यापुढे डॉक्टर नाही, दवाखाना नाही, एकच देव, बिब्बा. आयुष्यभर त्यांनी कोणाच्या पाठीला, कोणाच्या गुडघ्याला, कोणाच्या बैलाच्या खांद्याला बिब्बा घातलाय. मी नाही म्हणत होते तोवर पणती पेटली, सुईवर बिब्बा तापला, तेल आलं. 'चटका बसनां ते सांग,' त्या म्हणाल्या, चटका बसला की सांग. आणि तुम्हाला सांगते, चटका बसलाच नाही. बसणार कसा? ती बाजू बधिर. मी आपली पडून. त्या म्हणतात, 'लागस का?' मी म्हणते, 'नाही.' त्या म्हणतात, 'मार खोल शे,' आणि आणखी एक ठिपका. 'आते?' 'नाही.' आणखी एक. असं करत माझ्या उजव्या कमरेवर त्यांनी रांगोळी काढली. सकाळी बिब्बा उतला. असा उतला की विचारू नका, फोडच फोड. आणि तरी मला दुखत नाही. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, 'माय, तुले लागस कसं नही?' तेव्हा मी रडत रडत सगळं सांगितलं. धुळे, मशिन, वाटी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय, 'मंग मावशीना डोया?' म्हणजे मग मावशीचा डोळा? मी म्हटलं, 'चांगला आहे.' त्या म्हणाल्या, 'ते तरी बरं व्हयनं.'

फोड बसले, डाग राहिले. हिवाळा होता, शेतात भरिताच्या पार्ट्या, आम्हीही गेलो. आणि हळूहळू डावी बाजू उतरली. खरंच उतरली, खोटं कशाला बोलू. साडीचा काठ डावीकडे सपाट बसायला लागला. मी आरशापुढे डावीकडून उभी राहायचे, स्वतःलाच ओळखायचे नाही. उजवीकडचीही उतरेल म्हटलं, फुकटची आहे, सावकाश येईल. होळी गेली. उतरायचं सोडून ती जमायला लागली. आधी वाटलं सूज. मग हाताला लागलं, कडक. मग पापड लाटायला बायका जमल्या, मी पोळपाटापुढे बसले आणि पोट आणि मांडी यांच्या मधे कोणीतरी तिसरंच बसलंय. बघितलं तर बरोबर त्या मशिनच्या वाटीच्या मापाची. कडा सुद्धा त्याच. एखाद्याने माझ्यात साचा विसरावा तशी.

आणि मग घरात? आमच्या यांनी बघितलं आणि म्हणाले काय? 'भरीत. तुला सांगत होतो, इतक्या पुऱ्या नको खाऊ भरिताबरोबर.' मी म्हटलं, 'भरीत काय एका बाजूला जातं का? डावीकडे पत्ता माहीत नाही त्याला?' तर म्हणाले, 'तू उजव्या कुशीवर झोपते ना.' हे विज्ञान. आणि हे सांगणारा कोण, तर माझा नवरा, बाहेर चारचौघांत धर्मेंद्रभाऊ म्हणून ज्यांचा सल्ला लोक विचारतात, ते.

पण खरं दुखलं कुठे सांगू? सासूबाई माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मला वाढायच्या, बोलायच्या नाहीत. मी खोलीत आले की उठून जायच्या. पणती, सुई, बिब्ब्यांची पुरचुंडी, सगळं कुठेतरी वर टाकून दिलं. शेजारची गुडघा घेऊन आली तर म्हणाल्या, 'आते मी नही करस.' आता मी करत नाही. मला आधी वाटलं राग आहे. मग कळलं, तसं नाही. त्या बाईला वाटत होतं, तिच्या बिब्ब्यानेच मला हे झालं. आणि मला वाटत होतं, माझ्या खाण्याने. आणि घरात आम्ही दोघी, आपापली चोरी घेऊन, एका चुलीवर.

मग गेले पुन्हा धुळ्याला. भूमिकेने बघितलं. नखाने टोचून बघितलं. आणि मग ते, जिथून मी सुरू केलं, 'काय खाल्लं होतं ताई?' मी आपली प्रामाणिक, म्हटलं, 'भरीत.' तिने मान अशी हलवली, जसा काही मी गुन्हा कबूल केला. मग तिला ते बिब्ब्याचे डाग दिसले आणि काय सांगू, त्या पोरीचा चेहरा उजळला. 'हे काय आहे ताई? घरगुती उपाय केला? मग ताई, हे त्याचंच आहे.' म्हणजे मला जे घरी सासूबाईंच्या डोळ्यात दिसत होतं, तेच ही इथे एसीत बसून बोलली. मी म्हटलं, 'अगं, डाग नाण्याएवढे, आणि ही तुझ्या वाटीएवढी. वाटी आण, लावून बघ, बसते की नाही.' ती म्हणाली, 'ताई, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते, नॉर्मल आहे. आपण असं करू, याच्यावरच अजून एक सिटिंग घेऊ.'

आणि मी, तुम्हाला सांगते, मी जवळजवळ आडवी झाले होते परत. इतकी मी शहाणी. उठले ते फक्त एवढ्यासाठी की पाच वाजताची बस चुकली असती.

शेवटी गेले ते जळगावातच, प्लास्टिक सर्जनकडे, माझ्या घरापासून रिक्षाने जवळ, वर्षभर ज्यांच्या पाटीखालून भाजी आणते त्यांच्याकडे. चोरून नाही, दिवसाढवळ्या, पिंप्राळ्याने बघितलं तर बघू दे. डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर. त्यांनी हात लावला, कडा चाचपल्या, विचारलं, 'थंड करायची ट्रीटमेंट घेतली होती का?' मी अजून तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, 'हो, पण भरीतही खाल्लं होतं.' ते म्हणाले, 'भरीत मीही खातो. याचा खाण्याशी संबंध नाही.' मी म्हटलं, 'बिब्बा घातला होता.' 'बिब्ब्याने कातडी भाजली. डाग राहतील. चरबी वाढली ती त्याने नाही.' मग त्यांनी सांगितलं, थंडीने चरबी मरायची, तर क्वचित कोणाची उलट वाढते, घट्ट होते, मशिनच्या त्या तोंडाच्याच आकाराची होते. कोणाची होईल हे आधी सांगता येत नाही, पण होऊ शकतं एवढं सांगायला हवं असतं. 'सांगितलं होतं का तुम्हाला?' मी म्हटलं, 'मला नॉर्मल आहे सांगितलं होतं.' त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, 'नाही. हे नॉर्मल नाही.'

आणि मी रडायला लागले. तिथेच. त्यांना वाटलं घाबरले. अहो घाबरले कुठली, इतकं बरं मला अख्ख्या वर्षात वाटलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं की हे नॉर्मल नाही. कोणीतरी माझं ताट न बघता माझी कंबर बघितली.

मग विचारलं, 'आपोआप जाईल?' 'नाही.' 'व्यायामाने?' 'नाही.' 'परत गोठवलं तर?' आधीच्या दोन्ही वेळा म्हणाले नव्हते इतक्या जोरात ते नाही म्हणाले. 'थोडी मऊ होऊ द्या, दिवाळीनंतर काढू.' 'काढू म्हणजे?' 'ऑपरेशन.' आता घ्या. विना ऑपरेशन, विना वेदना, विना सुट्टी करायला गेले होते ना मी? ऑपरेशन आलं, वेदना होऊनच गेल्या, आणि सुट्टी डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस तरी घ्या. एकही गोष्ट विना राहिली नाही.

दवाखान्याच्या पायरीवरून पहिला फोन मी यांना नाही केला. सासूबाईंना केला. म्हटलं, 'आई, बिब्ब्याने नाही झालं. डॉक्टर म्हणाले. मशिनने झालं.' त्या हळूच म्हणाल्या, 'फिरी सांग.' पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, 'ये घर, भाकर टाकस.' घरी ये, भाकरी टाकते.

मग श्रावण आला, कानबाई बसली. आता तुम्ही खानदेशातल्या असाल तर तुम्हाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, कानबाई ही आमची देवी, आणि तिचे रोट म्हणजे गोडाच्या जाड पोळ्या, त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि उरवायच्या नाहीत. संपेपर्यंत खायच्या. आज खा, उद्या खा, शिळे खा, पण संपव. सगळे चुलत, सख्खे, आमच्या घरी. बाहेर पुरुष, आत बायका, मधे रोटांची चवड आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. आणि कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालंच, 'सारिका, उजवीकडून भरलीस गं. रोट जरा बेतानं.'

झालं. सासूबाई उठल्या. पंचाहत्तरीची बाई, कमरेवर हात ठेवून उभी, आणि मला म्हणते, 'दाखाड वं बठ्ठासले.' दाखव सगळ्यांना. मी म्हटलं, 'आई, कानबाईसमोर?' त्या म्हणाल्या, 'कानबाई बी बाईच शे.' आणि मी पदर बाजूला केला, दाखवलं. सासूबाई बोट लावून लावून दाखवताहेत, एखाद्या जमिनीची मोजणी दाखवावी तशी. 'हाई दखा, हाई मशिननं शे. हाऊ डाग मन्हा बिबाना शे, तो मी मान्य करस. पन हाई, हाई मन्हं नही. मन्ही सूननं खानं बी नही. डॉक्टर बोलना.' एका दमात स्वतःही सुटल्या, मलाही सोडवलं. मी बघितलं, दारात आमचे हे उभे होते. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि गेले. तेवढंच. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे खूप.

मग मी सगळ्यांना सांगितलं. सगळं. भूमिका, व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर, ते चघळणारं तोंड, बधिरपणा, कोणी काही विचारलं नाही ते, आता ऑपरेशन आहे ते. कळकळीने सांगितलं, म्हटलं, बायांनो, करायचंच असेल तर आधी खऱ्या डॉक्टरला हात लावू द्या, काय काय बिघडू शकतं ते विचारा, आणि कोणी नुसतं नॉर्मल आहे म्हणालं तर पायात चपला घाला. बायका माना हलवताहेत. कोणी डोळे पुसतंय. मला वाटलं, चला, माझी कंबर गेली पण चार कंबरा वाचल्या.

तेवढ्यात हेमलता सरकत सरकत जवळ आली. एकदम जोरात लिहिणारी, तीच. तिने उजवीकडे बघितलं, चुकचुकली, मग वाकून डावीकडे बघितलं, मग पुन्हा डावीकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, 'उजवीकडचं वाईटच झालं ताई. पण ही डावी बाजू काय मस्त उतरलीय. नंबर देता का त्यांचा?'

मी मोबाइल काढला आणि नंबर दिला. सर्जनचा. म्हटलं, 'हा घेऊन ठेव हेमलता. तिकडे गेलीस तरी शेवटी इथेच यायचंय.'

तिने तो नीट सेव्ह केला, आणि विचारते कशी, 'यांच्याकडे पण एका बाजूवर एक बाजू फ्री असते का ताई?'

नॉर्मल आहे. मी म्हटलं, तू रोट खा बाई, संपवायचेत.